कार्टून बघायला जपानला?

मुलांना जपानी अ‍ॅनिमेशनचे आणि व्हिडिओ गेमचे वेड असते. त्या वेडापायी परदेशी अभ्यासदौऱ्यावर लाखभर किंवा त्याहूनही जास्त रुपये खर्च करावेत का? निर्णय घेण्यापूर्वी तिथे नेमके काय पाहायला मिळते, हे आई-वडिलांनीही समजून घ्यायला हवे.

रात्रीची जेवणे चालू असतात. अकरावीतली मुलगी ताटातली पोळी तशीच ठेवून एक छापील पत्रक पुढे सरकवते. दहा दिवसांचा अभ्यासदौरा आहे, जपानला. तिथले अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्या यांची ओळख करून देणार आहेत. पत्रकाच्या तळाशी छापलेला आकडा वाचून वडिलांचा घास हातातच राहतो. ‘‘कार्टून बघायला जपानला? ती तर घरबसल्या टीव्हीवर दिसतात!’’ आजीची काळजी वेगळीच. ‘‘तिकडे पोरीला जेवायला काय मिळणार?’’ आई काहीच बोलत नाही. तिच्या डोळ्यांपुढे मुलीच्या वह्यांची मागची पाने येतात. गणित असो की इतिहास, एकही वही कोरी सुटलेली नाही. मोठ्या डोळ्यांची माणसे, धावणाऱ्या मुली, छत्री घेतलेली मांजरे, सगळे तिथे दाटीवाटीने बसलेले असते.

इंदूर असो, नागपूर असो की बडोदा, असे प्रसंग आता अनेक घरांत घडतात. अशा वेळी ‘नाही’ म्हणून टाकणे सोपे असते आणि हट्टापुढे मान तुकवणेही सोपे असते. अवघड असते ते एकच : मुलगी तिथे जाऊन नेमके काय पाहणार आणि त्यातून तिला स्वतःबद्दल काय कळणार, याचा शांतपणे विचार करणे.

ओळख तशी जुनीच

‘जपानी कार्टून’ म्हणून नाक मुरडणाऱ्या वडिलांनी आपले बालपण आठवून पाहावे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी घरोघरची मुले टीव्हीपुढे ठाण मांडून बसत, तो मोगली जपानी होता. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ साली ती मालिका तयार केली होती. हिंदी आवृत्तीत शेरखानला आवाज दिला होता नाना पाटेकर यांनी, म्हणून तो वाघ आपल्याला इतका घरचा वाटला. पुढे डोरेमॉन आला, शिनचॅन आला आणि आजच्या मुलांना तर नोबिताच्या घराचा नकाशासुद्धा पाठ असतो. थोडक्यात, मुलीचे वेड हे काही आभाळातून पडलेले नाही. तिच्या आधीची पिढीही त्याच वाटेवर काही पावले चालून आलेली आहे.

मात्र पडद्यावरचे चित्र पाहणे वेगळे आणि ते चित्र काढणारे टेबल पाहणे वेगळे. अभ्यासदौऱ्याचा उपयोग आहे तो या दुसऱ्या गोष्टीसाठी.

दार सहज उघडत नाही

पहिली गोष्ट स्पष्ट असावी. जपानमधले बहुतेक स्टुडिओ पाहुण्यांसाठी खुले नसतात. तिथे प्रदर्शित न झालेल्या चित्रपटांचे आणि खेळांचे काम चालू असते. एखादे चित्र बाहेर फुटले तर कंपनीचे मोठे नुकसान होते. त्यामुळे ज्या दौऱ्यांत स्टुडिओभेटी असतात, त्या शिक्षणसंस्थेने कित्येक महिने आधी पत्रव्यवहार करून ठरवलेल्या असतात. दारात मोबाईल बाजूला ठेवायला सांगतात, काही ठिकाणी गुप्ततेच्या कागदावर सही करावी लागते. बाकीचा दौरा संग्रहालये, कला-विद्यालये आणि चर्चासत्रे यांत जातो. त्यात कमीपणा काही नाही, कारण जपानी लोकांनी या कामाची संग्रहालये फार विचारपूर्वक उभारली आहेत.

हायाओ मियाझाकी यांच्या जगप्रसिद्ध जिब्ली स्टुडिओचेच पाहा. १९८५ साली स्थापन झालेला हा स्टुडिओ टोकियोजवळ कोगानेई इथे आहे, पण तिथे पर्यटकांना प्रवेश नाही. त्याऐवजी जवळच्या मिताका गावी बागेच्या कडेला २००१ साली त्यांनी संग्रहालय उघडले. त्याचे तिकीट तारीख-वेळेसह आधीच काढावे लागते आणि आत छायाचित्रे काढायला मनाई आहे. कॅमेरा पिशवीत गेला की मुले आपोआप डोळ्यांनी पाहू लागतात. चित्रपट कसा जन्माला येतो, हे दाखवणाऱ्या तिथल्या खोल्यांत भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. दृश्यामागून दृश्य कसे येणार, याच्या कच्च्या चित्रांच्या वह्या चाळता येतात. एवढ्या मोठ्या चित्रपटाची सुरुवात पेन्सिल आणि कागदानेच होते, हे तिथे पाहिल्यावर मनात पक्के बसते.

टोकियोच्या पश्चिमेला

टोकियोच्या पश्चिम भागात नेरिमा आणि सुगिनामी ही दोन उपनगरे आहेत. आपल्याकडे एखाद्या पेठेत सोनारांची किंवा भांडीवाल्यांची दुकाने एकवटलेली असतात, तसे इथे अ‍ॅनिमेशनचे लहानमोठे स्टुडिओ एकवटले आहेत. साध्या इमारती, खाली किराणा दुकान, वर दोन मजल्यांवर चित्रकार. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागू नये.

नेरिमातल्या ओइझुमी भागात टोएई अ‍ॅनिमेशन ही जुनी संस्था आहे. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत अ‍ॅनिमेशनपट याच संस्थेने १९५८ साली काढला. एका चिनी लोककथेवरचा, श्वेत नागिणीचा. तिथल्या रेल्वे स्थानकाबाहेर पुढाऱ्यांचे नव्हे, तर अ‍ॅनिमेशनमधल्या पात्रांचे पुतळे उभे आहेत. सुगिनामीमध्ये ओगिकुबो स्थानकापासून जवळ २००५ साली नगरपालिकेच्या पुढाकाराने अ‍ॅनिमेशन संग्रहालय सुरू झाले. तिथे चित्रकाराचे टेबल मांडून ठेवले आहे आणि पडद्यावरच्या पात्राला स्वतःचा आवाज देऊन पाहण्याचीही सोय आहे. शाळकरी मुलांसाठी याहून चांगला धडा नाही. दहा सेकंदांचे संवाद ओठांच्या हालचालीशी जुळवताना कसा घाम फुटतो, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एका सेकंदाची किंमत

चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. वीस मिनिटांच्या एका भागात बाराशे सेकंद, म्हणजे २८,८०० चौकटी. प्रत्येक चौकटीसाठी वेगळे चित्र काढायचे ठरवले, तर दर आठवड्याला एक भाग दाखवणे केवळ अशक्य.

ही अडचण सोडवली ओसामू तेझुका यांनी. १ जानेवारी १९६३ रोजी त्यांची ‘तेत्सुवान आतोमू’ ही मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. जगात ती ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने गाजली. तेझुकांनी हिशेब केला : एक चित्र तीन चौकटींना वापरायचे. म्हणजे सेकंदाला चोवीसऐवजी आठ चित्रे. पात्र बोलत असेल तर फक्त ओठ हलवायचे, बाकीचा चेहरा तोच ठेवायचा. एकदा काढलेले उडण्याचे दृश्य जपून ठेवायचे आणि पुढच्या भागात मागची पार्श्वभूमी बदलून पुन्हा वापरायचे. घरातली गृहिणी दुपारच्या भाताचा रात्री फोडणीचा भात करते, तसाच हा संसारी शहाणपणा. स्थिर चित्र असले तरी गोष्ट रंगली पाहिजे, म्हणून मग कॅमेऱ्याच्या कोनावर, चेहऱ्यावरच्या भावांवर आणि कथेवर भर आला. आज ज्याला आपण जपानी शैली म्हणून ओळखतो, तिचा बराचसा भाग या काटकसरीतून घडला आहे.

तेझुकांची आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. ते वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर होते. डॉक्टरकी की चित्रकला, या पेचात त्यांनी आईला विचारले आणि ज्यात तुझे मन रमते ते कर, असे आईने सांगितले, ही आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. मात्र गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मालिका टीव्हीला विकताना तेझुकांनी ती खर्चापेक्षा कमी किमतीला दिली. तोटा खेळणी आणि इतर वस्तूंच्या विक्रीतून भरून काढू, असा त्यांचा अंदाज होता. त्यांची मुशी प्रॉडक्शन ही संस्था १९७३ साली दिवाळखोरीत गेली. स्वस्तात काम देण्याची जी सवय तेव्हा लागली, तिची किंमत चित्रकार अजून मोजत आहेत, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

सर्वांत खालची पायरी

दौऱ्यातला खरा धडा इथून पुढे सुरू होतो, आणि तो रंगीत पत्रकावर छापलेला नसतो.

स्टुडिओतल्या कामाची उतरंड ठरलेली असते. दिग्दर्शक प्रथम कथा छोट्या छोट्या चौकटींत रेखाटतो. या आराखड्याला जपानीत ‘एकोंते’ म्हणतात. त्यानंतर अनुभवी चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रे काढतात. हात उचलण्याआधी, उचलताना, उचलल्यावर. हे ‘गेंगा’. त्या दोन चित्रांच्या मधली चित्रे भरण्याचे काम नवख्यांकडे येते, त्याला ‘दोगा’ म्हणतात. मग तपासणी, रंगकाम, पार्श्वभूमी, छायांकन आणि ध्वनी. पूर्वी पारदर्शक पत्र्यांवर ब्रशने रंग भरत. आता ते काम संगणकावर होते. मधली चित्रे मात्र अजूनही मोठ्या प्रमाणावर माणसाच्या हातानेच काढली जातात.

या खालच्या पायरीवरच्या कलाकाराला अनेक ठिकाणी महिन्याचा पगार नसतो. चित्रामागे पैसे मिळतात. एका मधल्या चित्राचे दोनशे-तीनशे येन, असा दर वर्षानुवर्षे ऐकू येत आला आहे. एखाद्या चित्रात गर्दी असो, घोडे असोत की पावसाच्या धारा असोत, मोजणी चित्रांचीच. टोकियोसारख्या महागड्या शहरात त्यावर खोलीभाडे भागवणे कठीण जाते आणि कित्येक तरुण दोन-तीन वर्षांत हे क्षेत्र सोडतात. शिवाय मधली चित्रे काढण्याचे बरेचसे काम परदेशांतही जाते. टोएईची स्वतःची शाखा फिलिपिन्समध्ये मनिलात आहे. अलीकडे काही स्टुडिओ कलाकारांना पगारी नोकरीत घेऊ लागले आहेत, पण ‘जपानी स्टुडिओत नोकरी’ या शब्दांभोवती मुलांच्या मनात जी चमक असते, तिच्यामागचा हा हिशेब त्यांना कळायलाच हवा.

म्हणून स्टुडिओभेटीत मुलांनी आवडत्या पात्राबद्दल नव्हे, तर कामाबद्दल विचारावे. तुम्ही दिवसाला किती चित्रे काढता? पहिल्या वर्षी घरभाडे कसे भागवले? मनगट दुखते का? चित्र परत आले की काय वाटते? नम्रपणे विचारले, तर जपानी माणूस अशा प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे देतो.

आणि या पायरीला कमी लेखण्याचेही कारण नाही. मियाझाकी १९६३ साली टोएईत रुजू झाले, ते मधली चित्रे काढणारे एक नवखे कामगार म्हणूनच. चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, त्यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळाले आणि २०२४ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ‘द बॉय अँड द हेरॉन’साठी पुन्हा एकदा.

शेजारणींनी सुरू केलेला स्टुडिओ

टोकियोहून बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांत क्योतो येते. मंदिरांच्या या शहराजवळ उजी नावाचे चहासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथल्या क्योतो अ‍ॅनिमेशन या संस्थेची कहाणी गृहिणींनी आवर्जून वाचावी अशी आहे. योको हात्ता या लग्नापूर्वी तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनमध्ये रंगकाम करत. लग्नानंतर क्योतोकडे आल्यावर त्यांनी शेजारच्या गृहिणींना जमवले आणि टोकियोच्या स्टुडिओंचे रंगकाम घरगुती पातळीवर घ्यायला सुरुवात केली. वर्ष होते १९८१. त्यातून पुढे पूर्ण स्टुडिओ उभा राहिला. या संस्थेने कलाकारांना पगारावर ठेवले, स्वतःचे प्रशिक्षणवर्ग चालवले आणि स्त्री कलाकारांना मोठ्या जबाबदाऱ्या दिल्या. एका बहिऱ्या मुलीची आणि तिला छळणाऱ्या वर्गमित्राची कथा सांगणारा ‘कोए नो कताची’ हा २०१६चा चित्रपट इथलाच. त्याच्या दिग्दर्शिका नाओको यामादा याच स्टुडिओत वाढल्या.

१८ जुलै २०१९ रोजी एका माणसाने या संस्थेच्या इमारतीत पेट्रोल ओतून आग लावली. छत्तीस जणांचा बळी गेला. त्यांत अनुभवी दिग्दर्शक होते, तसेच नुकते कामाला लागलेले तरुणही होते. हाताने हात शिकवत आणलेली कला एका सकाळी अशी होरपळली. संस्था मात्र बंद पडली नाही. उरलेल्यांनी काम पुन्हा सुरू केले. २०२४ साली उजीतल्या एका उद्यानात गेलेल्यांचे स्मारक उभे राहिले. दौऱ्यावर आलेल्या मुलांना तिथे नेले, तर फार बोलण्याची गरज पडत नाही. पडद्याच्या शेवटी भराभर सरकणाऱ्या नावांमागे माणसे असतात, हे त्यांना आपोआप समजते.

पत्त्यांच्या कारखान्यातून

उजीमध्येच २ ऑक्टोबर २०२४ रोजी निन्टेंडो कंपनीचे संग्रहालय सुरू झाले. तिकिटासाठी आधी नाव नोंदवावे लागते आणि प्रवेश प्रामुख्याने सोडतीतून मिळतो. ही कंपनी १८८९ साली क्योतोत ‘हानाफुदा’ म्हणजे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी स्थापन झाली होती. संग्रहालय ज्या जागेत आहे, तिथे पूर्वी पत्ते तयार होत. आजही तिथे भेट देणाऱ्यांना स्वतःच्या हाताने असे पत्ते बनवून पाहता येतात.

या कंपनीत १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीला लागला, तो यंत्रांची देखभाल करण्यासाठी. रिकाम्या वेळात त्याने लांब होऊन वस्तू पकडणारा एक गमतीचा हात बनवला. मालकाने तो पाहिला. नोकराला रागावण्याऐवजी त्याने सांगितले, हे खेळणे म्हणून बाजारात आण. पुढे याच योकोईंनी एका रेल्वेप्रवाशाला कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेले पाहिले आणि त्यातून हातात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली. १९८९ साली आलेल्या त्यांच्या ‘गेम बॉय’ला रंगीत पडदा नव्हता. प्रतिस्पर्ध्यांकडे तो होता. पण योकोईंचा आग्रह असे की, जुने, स्वस्त आणि हातखंडा झालेले तंत्र नव्या रीतीने वापरावे. गेम बॉय स्वस्त होता, दणकट होता आणि त्याच्या बॅटऱ्या खूप वेळ चालत. त्याची आणि त्याच्या रंगीत भावंडाची मिळून अकरा कोटींहून अधिक विक्री झाली.

मारिओची टोपी आणि मिशी अशीच अडचणीतून आली. १९८१ साली शिगेरू मियामोतो यांना तो मोजक्याच ठिपक्यांत बसवायचा होता. तेवढ्या ठिपक्यांत हलणारे केस आणि तोंड दाखवणे जमेना, म्हणून टोपी आणि मिशी आली. हात वेगळे दिसावेत म्हणून त्याला पट्ट्यांची विजार दिली. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधले ढग आणि झुडपे नीट पाहा. आकार एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. खेळाचे नकाशे आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने आखलेले होते. तेझुकांचे पुन्हा वापरलेले चित्र आणि मियामोतोंचा हिरवा झालेला ढग, दोन्हींमागे एकच बुद्धी आहे : हाताशी आहे त्यात भागवायचे आणि पाहणाऱ्याला उणीव जाणवू द्यायची नाही. भारी संगणक नाही म्हणून अडून बसणाऱ्या मुलांसाठी हा धडा मोलाचा आहे.

गेम कंपन्यांतले काम अ‍ॅनिमेशनपेक्षा वेगळे असते, हेही सांगायला हवे. तिथे नियोजक खेळाचे नियम आणि टप्पे आखतो, प्रोग्रॅमर ते संगणकाला शिकवतो, चित्रकार आणि संगीतकार त्याला रूप देतात आणि चुका शोधणारे लोक तोच टप्पा शेकडो वेळा खेळून पाहतात. नोकऱ्या साधारणपणे पगारी असतात. ज्या मुलाला गणित आवडते, पण चित्र जमत नाही, त्यालाही इथे जागा आहे.

आपले देणेही काही आहे

जपानकडे जाताना केवळ विद्यार्थी म्हणून जायचे, असेही नाही. रामायणाच्या ओढीने युगो साको या जपानी दिग्दर्शकाने भारताच्या अनेक फेऱ्या केल्या आणि भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन यांच्या साथीने ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण केला. साडेचारशेच्या आसपास कलाकार त्यासाठी राबले आणि सुमारे एक लाख चित्रे हाताने काढली गेली. संगीत वनराज भाटिया यांचे होते. धोतर कसे नेसतात, नमस्कार कसा करतात, वडीलधाऱ्यांपुढे कसे बसतात, हे जपानी चित्रकारांना भारतीय सहकाऱ्यांकडून समजून घ्यावे लागले. भारतीय चित्रपटगृहांत हा चित्रपट मोठ्या प्रमाणावर झळकला तो मात्र २०२५च्या जानेवारीत.

यातून होतकरू मुलांनी एक गोष्ट घ्यावी. मोठ्या डोळ्यांची जपानी मुलगी जपानी कलाकार आपल्यापेक्षा चांगली काढणारच. पण पाण्याची घागर कमरेवर घेतलेली बाई कशी वळते, लोकलमध्ये चढताना पदर कसा खोचला जातो, आजोबा पाटावरून कसे उठतात, हे आपल्या मुलांनी जन्मापासून पाहिलेले आहे. दाखवायला नेलेल्या चित्रवहीत ही पाने असतील, तर समोरचा माणूस चष्मा पुढे ओढून पाहील.

जाण्यापूर्वी

दौरा आखणाऱ्यांना पालकांनी संकोच न करता प्रश्न विचारावेत. कोणत्या स्टुडिओने भेटीला लेखी होकार दिला आहे? की केवळ बाहेरून इमारत दाखवणार आहेत? दुभाषी कोण? किती तास शिकण्यात आणि किती तास खरेदीत जाणार? सोबत शिक्षिका आहेत का? विम्याचे काय? आजारपण आल्यास कोण थांबणार? उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर तो अभ्यासदौरा नसून सहल आहे, असे समजावे. सहलीला जाण्यात गैर काही नाही, पण मग तिची किंमत सहलीइतकीच असावी.

तारखाही पाहून घ्याव्यात. टोकियोजवळ चिबा इथे सप्टेंबरच्या सुमारास भरणारे ‘टोकियो गेम शो’ आणि टोकियोत मार्चच्या सुमारास भरणारे ‘अ‍ॅनिमे जपान’ ही दोन मोठी प्रदर्शने आहेत. दौरा त्यांना जोडून असेल, तर एकाच छताखाली बरेच पाहायला मिळते.

रीतिरिवाजांची उजळणी घरीच करावी. वेळ म्हणजे वेळ. दहाची भेट असेल तर दहाला पाच कमी असताना दारात हजर. बूट काढायला सांगितले तर नीट जुळवून ठेवावेत. समोरच्याने दिलेले नावाचे कार्ड दोन्ही हातांनी घ्यावे आणि लगेच खिशात कोंबू नये. जाताना चिक्कीचा किंवा आल्याच्या वड्यांचा छोटा डबा न्यावा. पाहुण्याने गोड आणण्याची पद्धत तिकडेही आहे. निरोप घेताना ‘ओत्सुकारेसामा देशिता’ म्हणावे. तुम्ही फार श्रम घेतलेत, अशा अर्थाचे हे शब्द तिथे कामाच्या ठिकाणी रोज म्हटले जातात.

आजीच्या प्रश्नाचेही उत्तर शोधून ठेवावे. शाकाहारी मुलांची जपानमध्ये थोडी पंचाईत होते. वरून निव्वळ भाजीचे दिसणारे सूप बहुधा माशांच्या अर्कात केलेले असते. नियमांत बसणारा कोरडा शिधा सोबत द्यावा. फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेण्यावर कडक निर्बंध आहेत.

पुढे शिकायला जपानला जायचे मनात असेल, तर भाषेला पर्याय नाही. जपानी भाषेच्या परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्यांच्या असतात आणि त्या भारतातही देता येतात. पुण्यात तर जपानी शिकण्याची चांगली परंपराच आहे. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन शिक्षण चालू असताना आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते, पण तेवढ्यावर सगळा खर्च भागेल, या भरवशावर कुणी मुलाला पाठवू नये.

पहिला हप्ता भरण्याआधी

आणि दौऱ्याचा पहिला हप्ता भरण्याआधी एक सोपी परीक्षा घरीच घेता येते. तिला पैसे लागत नाहीत. एक छोटी, जाड कागदाची वही आणि एक पेन्सिल पुरते.

मुलीला सांगावे, पाच सेकंदांची एक हालचाल काढ. तेझुकांच्या हिशेबाने सेकंदाला आठ, म्हणजे चाळीस चित्रे. आजी पोळी लाटते आहे, एवढेच. लाटणे पुढे गेले, मागे आले, पोळी थोडी फिरली, बांगड्या खाली घसरल्या. दहाव्या चित्राला कंटाळा येतो. विसाव्याला बोटे दुखतात. पंचविसाव्या चित्रात आजीचे नाक बदलल्याचे लक्षात येते आणि मागची पाच चित्रे खोडावी लागतात. स्टुडिओत नवखा कलाकार दिवसभर हेच करतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वही तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात पडली, तर काही बिघडत नाही. मुलीला कार्टून पाहायला आवडते, एवढे कळले आणि लाखाचा खर्च वाचला. पण रविवारी दुपारी सगळे घर झोपलेले असताना ती चाळिसावे चित्र संपवून वही बाबांच्या हातात ठेवेल, बाबा अंगठ्याने पाने भराभर सोडतील आणि त्या पाच सेकंदांत आजी खरोखर पोळी लाटेल, तर मग घरात वेगळ्या चर्चेला सुरुवात करावी. पत्रकावरचा आकडा तोच असेल. फक्त ‘कार्टून बघायला जपानला?’ हा प्रश्न त्या घरात पुन्हा कुणी विचारणार नाही.